बेचाळीस इंचांचा कठडा

सुट्टीसाठी भाड्याचं घर ठरवण्याआधी मी तिथल्या मॅनेजरला फोनवर अकरा प्रश्न विचारले होते. पायऱ्या किती, दारं किती रुंद, संडास खुर्चीचा आहे का. बाबांचे गुडघे गेलेले. दोन मिनिटांच्या वर ते उभे राहू शकत नाहीत. स्टील प्लांटमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवलेल्या या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. यंदा प्लांटजवळच्या रिसालीत, आमच्या घरी जेवताना त्यांनी तो मागितला. त्याआधी त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावरचं ते घर म्हणजे एक मोठा मंडपच होता. लाकडी खांब, उतरतं छप्पर, बाजूला नारळ, भिंती जवळजवळ नाहीतच. घरात कुठूनही समुद्र दिसतो, असं जाहिरातीत लिहिलेलं. बाबांना वेताच्या बुटक्या खुर्चीत बसवलं. लाटांचा आवाज येत होता. ते म्हणाले, "मले समुद्र दाखवाले आणलं ना? मंग मी भिंत कावून पाहून राहिलो?"

मी शेजारी उकिडवा बसून पाहिलं. समोर नुसता पांढरा कठडा. मोजायचा टेप माझ्या बॅगेत असतोच. कठडा बेचाळीस इंच, बसलेल्या बाबांची नजर अडतीस. चार इंचांपायी त्यांचा समुद्र गेला होता. बारावा प्रश्न मला सुचला नाही, याचा राग वेगळाच.

मॅनेजर म्हणाला, कठडा सुरक्षेसाठी आहे, आणि उभं राहिलं की फार सुंदर दिसतं. मी म्हणालो, अहो, भिंतीऐवजी गज लावले असते तरी कुणी पडलं नसतं. बसणाऱ्यानं काय पाहायचं, असं विचारलं तर तो जाहिरातीतले फोटो दाखवू लागला. चौदाच्या चौदा फोटो उभ्या माणसानं काढलेले.

मी आणि बायकोनं पलंग ओढत कठड्याजवळ आणला. पलंगाच्या काठावर बसल्यावर बाबांची नजर सेहेचाळीस इंचांवर आली. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर टेकवले. मग म्हणाले, "क्रेनच्या केबिनातून खाली पाहाचो तसं वाटते. फक्त इथं माल उचलाले खालून कोणी सीटी नाही मारत."

संध्याकाळी मॅनेजर पुन्हा आला. सामान हलवायची परवानगी नाही, पलंग जागेवर न्या, म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी त्याला हिंदीत, अगदी शांतपणे, त्या वेताच्या खुर्चीत दोन मिनिटं बसून पाहायला सांगितलं.

तो बसला नाही. पलंगही आम्ही निघेपर्यंत हलला नाही.