पंधरा चमचं दूध

मी बयाबाई, आटपाडीकडची. उभी हयात मेंढरांमागं गेली. दूध कुणाला कसं पाजायचं हे मला कुणी शिकवायचं न्हाई, असं मी चारचौघांत सांगायची. आता सांगत न्हाई.

सून पल्लवी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगं पावणेदोन किलोचं. अंगाला लावलं की दोनदा चोखायचं न् दमून झोपायचं. डॉक्टरीण म्हणाली, "दूध पिळून वाटीत काढा. दर दोन तासाला पंधरा चमचं, हळूहळू. सोमवारी वजन बघू. घटलं तर सांगलीला ठेवावं लागंल, नाकातनं नळी घालून."

लेक तानाजी लांब तामिळनाडूत, सोनं गाळायच्या कामाला. घरात आमी दोघी, पाच वर्षांची माया न् दोन वर्षांचा मल्हार. मल्हारला नुकतंच अंगावरनं तोडलेलं. आई दूध पिळाय बसली की ह्यो पदर धरून रडायचा. एकदा वाटीच सांडली. पल्लवीनं त्याला फटका दिला आन् मग त्यालाच पोटाशी धरून रडाय लागली. माझ्या जिवाला घोर लागलेला, पण त्यो मी तोंडावाटं काढला. म्हणलं, "तुमच्या पिढीला धीर कसा तो न्हाईच."

शुक्रवारी पल्लवी आंघोळीला गेली. बाळ पाच चमच्यांवरच झोपलेलं. मला राहवंना. अशक्त कोकराला आमी कसं पाजतो? हनुवटी वर करायची, जबडा उघडायचा, गालातनं दूध सोडायचं. शेकड्यानं जगवलीत अशी. तसंच केलं.

पोरगं निळं पडलं.

आवाज न्हाई, रडणं न्हाई. मी पल्लवीला हाक मारली. ती साडी गुंडाळून धावत आली, बाळाला पालथं धरून पाठीवर थापटाय लागली. दूध बाहीर आलं, मग बारीक रडू. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आत्या, आजपासनं त्याला हात लावायचा न्हाई तुमी."

सासू हाय मी, ऐकून घ्यायची सवय न्हाई. तरी वाटी तिच्याम्होरं ठेवली. चूक माझीच व्हती.

मग मल्हारला काखेला मारून मी शेरडांत फिरवायची, पण कान घराकडं. माया चमचं मोजायची. अंगणवाडीत तिला आकडं धापर्यंतच शिकवल्यात. पाच, सहा, सात, न् मग गप. झोपलं पोरगं, मी समजायची.

सोमवारी काट्यावर वजन घटलं न्हाई, पण वाढलं बी न्हाई. "अजून चार दिवस बघू," डॉक्टरीण म्हणाली. घरी आलो तवा पल्लवीची बोटं पिळून पिळून वळत न्हवती. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं न् वाटी हातात दिली.

"आत्या, मला न्हाई जमत आता. डोकं वर धरा, मान मागं टाकू नका. मी हितंच बसते."

मी त्याचं डोकं वर धरलं. माया शेजारी मोजाय बसली. एक. दोन. त्याचं नरडं हललेलं दिसल्याबिगर पुढचा थेंब न्हाई. सातला डोळं मिटाय लागलं, तसं मी तळपाय चोळलं. आठ. नऊ.

"धा," माया म्हणाली आन् माझ्या तोंडाकडं बघाय लागली. तिला पुढचं येत न्हवतं.

बाळानं परत तोंड उघडलं.

"एक," माया म्हणाली.