कोमलनं हात केला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांनी मला या कामात आणलं त्या मोठ्या मॅडमना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कोमलला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कडेगाव तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सांगलीतल्या एका केंद्रात मोठ्या मॅडमनी मला थेरपी सहायक म्हणून घेतलं, चार माणसांत बोलायला शिकवलं. काम नेमकं काय, हे वडिलांना गावात सांगता यायचं नाही. तसं ते साधंच असतं. ज्या मुलामुलींना गोष्टी उशिरा समजतात, त्यांना थेरपिस्ट खोलीत जे शिकवतात ते बाहेर करायला लावायचं — दुकानात, रस्त्यावर, एस.टी.त. आधी शेजारी राहायचं, मग थोडं मागे, मग इतकं मागे की आपण त्यांच्याबरोबर आहोत हे कुणाला कळू नये. मॅडम म्हणायच्या, आपण दिसायचं नाही, पण असायचं. हे वाक्य मी किती अभिमानानं लोकांना सांगायचे.

कोमल तासगावची. एकोणीस वर्षांची. हिशेब जमायचा नाही, गडबड झाली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण बेदाणा निवडायला बसली की एक काडी राहायची नाही. सांगली रस्त्यावरच्या एका शेडचे मालक तिला कामावर घ्यायला तयार होते. अट एकच — तिनं एकटीनं यायचं, एकटीनं जायचं. आई रोज द्राक्षबागेत मजुरीला. पोचवायला घरात माणूस नव्हतं. एकटीनं गाडीतून जाता आलं तर काम, नाहीतर नाही.

आम्ही कितीतरी आठवडे तासगाव स्टँडवरून शेडच्या फाट्यापर्यंत जात होतो. फाटा जवळ आला की कंडक्टरला सांगायचं. त्यानं ऐकलं नाही तर शेजारच्या बाईला. आणि काहीच जमलं नाही तर हात वर करायचा. तू हात केलास की मी आलेच — हे मी तिला इतक्यांदा म्हटलं होतं की ती मलाच ते म्हणून दाखवायची, हसत.

त्या दिवशी कोमल पुढं बसली होती, मी मागच्या बाकावर होते. गाडी सुटता सुटता औंधकडच्या एक बाई चढल्या —

इथं थांबावंसं वाटतं. पण सांगते.

त्या माझ्या होणाऱ्या सासूबाई. होणाऱ्या, म्हणजे नक्की काही नव्हतं. नुकत्याच मला बघून गेल्या होत्या. आधीचं एक स्थळ ‘पोरगी येड्या पोरांच्यात असती’ म्हणून परत गेलं होतं. म्हणून या वेळी वडिलांनी सांगितलं होतं की मी सांगलीत दवाखान्याच्या ऑफिसात असते. मीही मान हलवली होती. मुलगा फौजेत, माणसं चांगली. बाई तासगावच्या गणपतीच्या दर्शनाला आल्या होत्या. मला बघून खुलल्या, शेजारी बसल्या, प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवला.

गाडी खचाखच भरलेली. कोमलनं कंडक्टरला सांगितलं — मी पाहिलं. त्याला ऐकू गेलं नाही. शेजारणीला सांगितलं, ती फोनवर बोलत होती. फाटा मागे गेला. आणि माणसांच्या डोक्यांवर कोमलचा हात आला. सरळ, बोटं ताठ.

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

किती वेळ धरला असेल तिनं तो तसा? मला काय माहीत — मी बघतच नव्हते. मग वाट काढत ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “ताई, फाटा गेला. मी हात केलाय.”

“कोण गं ही?” बाईंनी विचारलं. “तुझ्या वळकीची हाय?”

“नाही हो,” मी म्हणाले. “चुकलेली दिसतेय.”

कोमल रडली नाही. पुढच्या थांब्यावर दार उघडलं तशी उतरली. मी उतरले नाही. सांगलीपर्यंत गप्पा मारत गेले. परतीच्या गाडीनं आले तेव्हा त्या थांब्यावर कुणी नव्हतं. तिच्या आईला फोन करायला मी आणखी वेळ लावला.

संध्याकाळी ती तिच्या मामाला सापडली, शेडच्या उलट बाजूला, एका बागेच्या बांधावर बसलेली. टाचा सोललेल्या. केंद्रात मी सांगितलं, गर्दीत ती नजरेआड झाली. तिनं हात केला नाही, असंही सांगितलं.

लग्न झालं. पुढं सासूबाईंना माझं काम कळलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, आदी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? आज साताऱ्यात मी तेच काम करते आणि डबा त्याच भरून देतात. गाडीतली ती मुलगी त्यांना आठवतही नाही.

पण गाडीतलं तेवढंच असतं, तर ते मी भीतीच्या नावावर खपवलं असतं. तेवढंच नाही ते.

त्याच आठवड्यात कोमलची आई तिला घेऊन केंद्रात आली. शेडवर दुसरी मुलगी लागली होती. आता पोरीला एकटी कुठंच धाडायची न्हाई, असं ती ठरवूनच आली होती, आणि आजतागायत तिनं धाडलेलं नाही. माझ्यावर तिचा राग नव्हता. फक्त तिला कोडं पडलं होतं. “आवं म्याडम, ही म्हनतीया हात केला व्हता. हिला खोटं बोलायलाच येत न्हाई. पर ताई तरी कशाला खोटं बोलत्याल?”

कोमल विचार करत होती. तिला असं उत्तर हवं होतं की ज्यात ती खोटी नाही आणि मीही खोटी नाही. आणि ते तिला सापडलं.

“ताई,” ती म्हणाली, “माझा हात नीट वर गेला नव्हता का?”

तिघी माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द पुरला असता.

“हो गं,” मी म्हणाले. “खालीच राहिला होता.”