डाव्या कोपऱ्यातला पाहुणा

वीस वर्षांची असताना मला सगळं कळत होतं. आता ऐंशीच्या घरात आले, तर ते सगळं कुठं सांडलं कोण जाणे.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. आमचे हे तिथं फिटर. साताऱ्याकडून उठून आम्ही बोईसरला एका खोलीत संसार मांडला आणि मला मुरब्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली. समुद्र त्याआधी मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. तरी शाळेभोवतीच्या कोळीवाड्याला चार चांगल्या गोष्टी शिकवायच्या, असं ठरवूनच मी रोज एस.टी.तून उतरे. नाकाला पदर आणि डोक्यात समाजसुधारणा.

तिथं एक कबड्डीपटू होता. होडीच्या नांगराचा दोर हाताला वेढा घालून गेला आणि त्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. दोन वर्षांनी गडी परत मैदानात. तोही संघनायक म्हणून, डाव्या कोपऱ्यात. कबड्डीत बचाव करणारे हात धरून साखळी करतात, पण कोपऱ्यातल्याला शेजारी एकाच बाजूला असतो. उजवा हात शेजाऱ्याच्या हातात, डावीकडे नुसती रेषा. चढाईला आलेला त्या बाजूनं घुसला की हा साखळी सोडून एका हातानं त्याची मांडी आवळायचा आणि अख्ख्या अंगानं त्याच्यावर पडायचा.

वीजकेंद्राच्या साहेबांनी हे पाहिलं आणि त्याला कामगारांपुढं बोलायला नेलं. विषय जिद्द आणि नेतृत्व. मग शाळा बोलवू लागल्या, मंडळं बोलवू लागली. त्याचं भाषण चार वाक्यांचं असे: पडलो, उठलो, खेळलो, तुमीबी खेळा. मला ते फारच तोकडं वाटलं. मी चार पानांचं लिहून दिलं. त्यानं पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "बाई, यो मानूस कोन? लयच रडका हाय."

"दादा, हे तुम्हीच."

"मी? मंग माझ्या बायकोला दाखवू नका. ती वळखायची नाय."

गावच्या सामन्यांना सगळा परिसर लोटायचा, म्हणून भाषण त्याच दिवशी ठेवावं असं मी सुचवलं. तो म्हणाला, "भाषन करीन, पन त्या दिवशी नको. पोरं माझ्या कोपऱ्यावर डोळा ठेवून बसलीत. म्हनतात, तू आता बोलाय जा, खेळाय आमी हाव. आवंदा मला खेळायचंच हाय."

मी ऐकलं फक्त "भाषण करीन".

शिवाय मला एक झकास कल्पना सुचली. सामन्याआधी मैदानाची पूजा करून नारळ फोडायला दरवर्षी कोणी पाहुणा यायचा. यंदा हाच का नको? हेडमास्तरांना पटलं, सामने भरवणाऱ्या गावच्या मंडळाला पटलं. मंडळाला जरा जास्तच चटकन पटलं, हे माझ्या हुशार डोक्यात शिरलं नाही.

त्या दुपारी बोंबील वाळवायचे बांबू बाजूला करून मैदान आखलं होतं. तो चड्डी-बनियनवर तयार उभा होता. मी माइकवरून पुकारलं आणि मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी पुढं होऊन त्याच्या गळ्यात हार घातला. त्यानं हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नारळ पुढं आला. नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. त्यानं एका हातानं एका घावात फोडला. मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. मला वाटलं, लोक भारावलेत.

मग तो माइककडे न येता पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि डाव्या कोपऱ्यात एक तरणा गडी उभा राहिला. मला काही उमगेना. हा उठत का नाही? पाय लचकला का? की भाषणाची धास्ती घेतली?

माझ्या शेजारी त्याची बायको उभी होती. मासळीची पाटी वाहून तिची मान ताठ झालेली, आणि त्या ताठ मानेनंच ती माझ्याकडे वळली. "काय गो बाय, त्याला मान दिलास का घरी बसवलास?"

"म्हणजे?"

"नारळ फोडनारा त्या दिवशी मैदानात उतरत नाय. आमच्यात ल्हान पोरालाबी ठावं हाय. मास्तरीन हायस ना तू?"

मी त्याच्याकडे धावले. "दादा, उठा, खेळा!"

"मान घेतला, बाई. आता उठू कसा? खुर्ची रिकामी ऱ्हायली तर गावाला बरं नाय."

मध्यंतरापर्यंत गाव सात गुणांनी मागं. सगळी चढाई डावीकडून, तरणा दर वेळी पाय धरायला जाऊन हात चोळत उठायचा. खुर्चीतला पाहुणा ओरडायचा, "मांडी धर रं, मांडी!" पंचांनी पाहुण्यांना दोनदा शांत राहायला सांगितलं. एका माणसाला एकच गोष्ट हवी होती आणि मी ती हार घालून काढून घेतली होती.

मग मी काय केलं ते मलाही नीट आठवत नाही. त्याच्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हटलं, "उठा. खुर्ची रिकामी राहणार नाही." तो उठला आणि मी बसले. वीस वर्षांची मास्तरीण, साताऱ्याकडची, गळ्यात झेंडू. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष नियम आठवत राहिले, पण बसलेल्या बाईला उठवायचं कसं याचा नियम त्यांच्याकडे नसावा. त्याची बायको एवढंच म्हणाली, "सरळ बस. पावनी दिसत नाय."

पंचांनी बदली मान्य केली. तो कोपऱ्यात गेला, शेजाऱ्याचा हात धरला. पहिलीच चढाई आली ती त्याच्या अंगावर, आणि धुळीत दोघं असे मिसळले की हात कोणाचा, पाय कोणाचा, कळेना. शिट्टी वाजली. पकड त्याची.

सामना मात्र आम्ही एका गुणानं हरलो. तो वाळूनं माखलेला, हसत माझ्यासमोर आला. मी रडायच्या बेतात. हरलो तर हा हसतो का? रागावलाय का? "दादा, चुकलं माझं."

"चुकलं तर," तो म्हणाला. "पन पकड बगितली का?"

पुढच्या वर्षी त्यानं स्वतः मंडळात जाऊन नारळ मागून घेतला आणि कोपरा त्या तरण्याला दिला. मी चक्रावले. म्हटलं, गेल्या वर्षी एवढा जीव टाकलात, आणि आता?

"गेल्या टायमाला मला बसवला व्हता, बाई. आवंदा मी बसलो."

मी समजल्यासारखी मान डोलावली. मग एस.टी.त बसून बोईसरपर्यंत विचार करत राहिले, की खुर्ची तीच, हार तसाच, मग फरक काय?