सहाचं रिट्रीट

थोरले मामा उभी नोकरी पलटणीत बिगुल वाजवत होते. निवृत्त होऊन घरी आले आणि महिन्याभरात मामी जेरीस आली. डबे उंचीप्रमाणे लाव, चपला एका रांगेत ठेव, दिवसभर हुकूम. शेवटी तिनेच ओळख काढून त्यांना टेकडीवरच्या एका विश्रामगृहात रखवालदाराची नोकरी लावून दिली.

पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाला, "उद्या संध्याकाळी आपलं रिट्रीट आहे. बरोबर सहाला. हॉलच्या दाराशी थांबा."

मामांची छाती फुगली. पलटणीत रिट्रीट म्हणजे सूर्यास्ताचा बिगुल. तो वाजला की झेंडा उतरायचा, दिवस संपायचा. इथेही तो वाजतो म्हणजे मालक शिस्तीचा दिसतोय. घरी येऊन त्यांनी बिगुल घासून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी शहरातून आलेली माणसं हॉलमध्ये डोळे मिटून बसली होती. सहाच्या ठोक्याला मौन सुरू झालं. त्याच ठोक्याला मामांनी दाराशी सावधान उभं राहून बिगुल फुंकला. एक बाई किंचाळली. एकजण खुर्चीवरून घसरला. बाकीच्यांना वाटलं जेवण तयार आहे, ते उठून चालू लागले.

मॅनेजर लालबुंद झाला. "अहो, रिट्रीट म्हणजे सगळं सोडून चार दिवस शांत बसणं!"

"आमच्याकडे तसं नसतं."

"तुमच्याकडे म्हणजे माघार ना?"

"माघारीला बिगुल कोण वाजवतं साहेब? ती गुपचूप घ्यायची असते."

मॅनेजरने त्यांना घरची वाट दाखवली. घरी मामांनी सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. मामी आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "उद्या जा आणि माझं चुकलं म्हणा."

"माझं? शब्द त्यांचा घोटाळ्याचा!"

"गुपचूप घ्यायची असते ना? मग घ्या."

मामांनी चूक कबूल केल्याचं आमच्या घराण्यात कुणाला आठवत नव्हतं. पण सकाळी ते गेले. फाटकाशी बराच वेळ घुटमळले, मग आत जाऊन पुटपुटले. मॅनेजरचाही राग एव्हाना निवळला होता. बिगुल घरी ठेवायच्या अटीवर नोकरी टिकली.

पुढे मामांना त्या मौनाची गोडीच लागली. पाळी संपली की ते मागच्या रांगेत जाऊन बसायचे. घरीही हळूहळू बोलणं कमी झालं, आणि मामीला नवाच घोर लागला. ती आईला फोनवर सांगायची, "काय करू गं वन्सं, हल्ली भांडायलासुद्धा माणूस नाही."