निजवलेली बाहुली

थंड हवेच्या ठिकाणाचं नाव निघालं की लोकांना धुकं आठवतं. मला मद्रासच्या अड्यार भागातल्या आमच्या घरातला चिंचोक्याच्या खळीचा वास आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ राग येतो. कोणाचा, ते सांगते.

अप्पा मद्रासला सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. मी शाळेत होते तेव्हा कचेरीने डोंगरात एक नवं काम काढलं. पूर्वी उन्हाळ्यात फक्त साहेबलोक जिथे जायचे तिथे आता साध्या माणसांनीही जावं, जंगल बघावं, म्हणून पायवाटा आखायच्या, दरीच्या कडेला कठडे घालायचे आणि बसथांब्याजवळ पाहुण्यांसाठी माहिती केंद्र बांधायचं. केंद्राच्या मधोमध अख्ख्या डोंगराची प्रतिकृती हवी होती. कंत्राटदाराने केलेली साहेबांच्या पसंतीला उतरेना. अप्पा बोलून गेले, "माझी अक्का करील."

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. लग्न कळायच्या आधीच तिचा नवरा गेला. तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत, अंगावर तांबडं लुगडं, आणि माहेरचं स्वयंपाकघर. आजी लवकर गेली, त्यामुळे अप्पांना तिनेच लहानाचं मोठं केलं. आमच्यासारख्या तंजावरच्या मराठी घरांतही तमिळ शेजाऱ्यांसारखा नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्यांवर बाहुल्या, आणि खाली डोंगर, तळं, बाग. आमचा डोंगर आत्याचा असायचा. कागद भिजवून कुटायचा, खळ घालून मळायचा, आरशाच्या तुकड्याचं तळं करायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या डोंगराचं तोंड भरून कौतुक करायच्या. आत्या तेव्हा मागच्या पडवीत नारळ खवत बसलेली असायची.

गंमत म्हणजे तिने डोंगर पाहिलाच नव्हता. लहानपण कावेरीकाठच्या सपाट भातशेतांत गेलं, मग मद्रास. एकदा आम्ही दोघी तांबरमला नातेवाइकांकडे निघालो होतो. गाडीच्या खिडकीतून परंगीमलैची टेकडी दिसली.

"डोंगर डोंगर म्हणतात तो हा एवढासा?" आत्या म्हणाली.

"आत्या, ही टेकडी. डोंगर पार ढगात जातो."

"ढगात जाऊन करतो काय?" असं म्हणाली खरी, पण टेकडी मागे पडली तरी मान वळवून बघत राहिली.

तर त्या वर्षी आमच्या घरातली मधली खोली डोंगरासाठी रिकामी झाली. संध्याकाळी कचेरीतून आले की अप्पा नकाशाबरहुकूम पुठ्ठे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, आणि आत्या त्यावर लगदा थापायची. दोघं लहान मुलांसारखी भांडायची. "अरे, हा उतार असा सरळ कसा? पाणी कुठून जाणार?" "अक्का, नकाशात तसा आहे, मी काय करू?" अप्पांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

एक दिवस हात लगद्यात असतानाच ती म्हणाली, "मला एकदा वर ने रे. हे सगळं खरंच असं आहे का, ते बघू दे."

"उद्घाटनाला तूच हवीस," अप्पा म्हणाले. "डोंगर तुझा आहे."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. पेटीतली जुनी शाल काढून उन्हात घातली. थंडी कशी असते, कानाला लागते की पायाला, ढग अंगावर आला तर लुगडं भिजतं का, असं ती मला विचारायची. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी आपली ठोकून द्यायची.

डोंगर पुरा झाल्यावर तिने कठड्यापाशी नखाएवढी एक बाई उभी केली. तांबड्या कापडाची.

"हे कोण?" आईने विचारलं.

"कोणी का असेना. बघायला आलेली."

लॉरी आली त्या सकाळी हमाल डोंगर उचलायला वाकले, तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांबा." तिने ती बाई अलगद आडवी केली. कोलूत दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली निजवतात, मगच बाकीच्या उचलतात. निजवल्याशिवाय काही हलवायचं नाही.

"अक्का, हा कोलू नव्हे, सरकारी काम आहे," अप्पा हसले.

"असेना. वर पोचले की मीच उठवते तिला."

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कचेरीत काय बोलणं झालं कोण जाणे. मंत्री येणार होते, साहेबांच्या बायका समई लावणार होत्या. अप्पा घरी आले ते पायांतल्या चपलांकडे बघत बोलले, "अक्का, गाडीत जागा होत नाहीये. तुला पुढच्या खेपेला नेतो."

आत्या दूध तापवत होती. "बरं," म्हणाली. दूध उतू गेलं नाही, काही नाही. मला मात्र कळलं होतं. समईच्या उजेडात सोवळी बाई कुणालाच नको होती, आणि ते तोंडाने म्हणायची अप्पांची छाती नव्हती. आई कांजीवरम नेसून गेली. वाटेत खायला चिंचेचा भात आणि दहीभात आत्यानेच केळीच्या पानांत बांधून दिला. शालही दिली. "तिकडे गार असेल," म्हणाली.

पुढची खेप आलीच नाही. कधी कचेरीचं काम, कधी माझं लग्न, कधी आईचं आजारपण. आत्याने पुन्हा विषय काढला नाही, हे मला सर्वांत जास्त लागतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. साठ सालानंतरच्या एका पावसाळ्यात ती तापाने गेली. नवरात्रात आईने कोलू मांडला तेव्हा खाली नुसता पाट ठेवला होता.

त्यानंतर काही वर्षांनी नवऱ्याबरोबर मी त्या डोंगरावर गेले. माहिती केंद्रात गर्दी होती. मधोमध काचेच्या पेटीत आत्याचा डोंगर होता. रंग उडाला होता, तळ्याचा आरसा काळा पडला होता, आणि कठड्यापाशी ती तांबडी बाई अजून आडवीच होती. केंद्राचा रखवालदार काठीने दाखवत लोकांना तमिळमध्ये सांगत होता की ही बाई इथून दरीत पडून मेली, म्हणून हा बाई पडल्याचा पॉइंट, डाव्या हाताने गेलं की दहा मिनिटं. माणसं हळहळली आणि शेंगा सोलत तिकडे निघाली.

माझं डोकंच फिरलं. "ती पडलेली नाही," मी म्हटलं. "निजली आहे. पेटी उघडा." माझ्या तोंडाकडे बघून त्याने मुकाट्याने काच सरकवली. मी बोटाने तिला उठवायला गेले, पण हलेना. दमट हवेत टिकावं म्हणून कोणीतरी सगळ्यावर व्हार्निश फिरवलं होतं. ती जमिनीला घट्ट चिकटली होती. ओढली असती तर कमरेत तुटली असती. मी हात काढून घेतला आणि तिथेच, लोकांदेखत, रडले.

मद्रासला परतल्यावर अप्पांना भेटायला गेले. ते निवृत्त झाले होते, व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून असायचे.

"अक्काचा डोंगर आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. तिची बाहुली अजून निजलेलीच आहे. तुम्ही तरी तेव्हा उठवायची."

"हात पुढे केला होता," अप्पा म्हणाले. "मग वाटलं, ती म्हणाली होती, मीच उठवते. तिचं काम तिला राहू दे."

"आणि तिला नेलं मात्र नाही."

त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. शाळा सुटली होती, मुलं घरी चालली होती.

"गाडीत जागा होती गं," अप्पा म्हणाले.