बंद म्हणजे चालू

आमच्या घरात वर्तमानपत्र उशिरा आलं. पत्रकं आधीपासून होती. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. चकलांबा गावातल्या त्या घरात पिठाच्या डब्याखाली पत्रक, आरशामागं पत्रक, माझ्या पहिलीच्या पुस्तकाला कव्हरही पत्रकाचंच. एसटीची फेरी रद्द झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्रक काढायचे. शाळेला शिक्षक मिळाला नाही की काढायचे. हुंड्याच्या विरोधात तर दर लग्नसराईत निघायचं आणि आम्ही दोघी बहिणी ते वाटायचो, प्रसंगी मांडवाच्या दारातच. मी वाचायला त्यावरच शिकले, त्यामुळं बाराखडी पूर्ण व्हायच्या आधीच मला उद्गारचिन्ह येत होतं.

अण्णांचं म्हणणं असं की पत्रक माणूस उभ्यानं वाचतो. त्यामुळं मोठी गोष्ट मोठ्या अक्षरात हवी आणि खाली नाव हवंच. "नाव न्हाई ते पत्रक भित्र्याचं," असं ते म्हणायचे. एकदा सभेचा वारच चुकीचा छापला गेला. अण्णा सायकल घेऊन गावोगाव फिरले आणि चिकटवलेल्या प्रत्येक पत्रकावर पेनानं वार दुरुस्त करत गेले. जी हातोहात गेली होती त्यांचं काही करता आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन एवढंच म्हणाले, "छापलेलं माघारी घेता येत न्हाई बघ."

म्हणून अंबाजोगाईला शिकायला आल्यावर मैत्रिणीनं मला विकी दाखवला तेव्हा मी आधी 'इतिहास' नावाचं बटणच बघत बसले. हा विकी गावातल्या यंत्रांचा आहे. पाण्याची मोटर, स्टार्टर, कडबाकुट्टी, फवारणीचा पंप. ते कसं चालतं, कसं बिघडतं, कसं दुरुस्त करायचं, हे कुणीही मराठीत लिहावं आणि दुसऱ्या कुणीही सुधारावं. पानावर सही नसते, पण इतिहासात प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला ते राहतं. चूक झाली तर 'उलटवा' दाबायचं, पान पूर्वीसारखं. मला वाटलं, हे अण्णांच्या सायकलीला सांगायला हवं.

लिहिण्याची रीतही सोपी. ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हं टाकली की शीर्षक होतं. शब्दाच्या आजूबाजूला तीन-तीन अवतरणं टाकली की तो ठळक होतो. ओळीच्या सुरुवातीला तारा टाकला की ठिपका येतो, चौकटीसारखं ते हॅशचं चिन्ह टाकलं की आपोआप आकडा. पानाच्या मागं चर्चेचं पान असतं. तिथं वाद घालायचा आणि शेवटी चार लाटांची चिन्हं टाकायची, म्हणजे आपली सही उमटते.

माझं पहिलं पान 'तीन फेज मोटरचा स्टार्टर'. हे मी ताईसाठी लिहिलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि लग्न होऊन धर्मापुरीला गेली. सासरी शेती आणि मेंढरं. तिनं तिथं गावातल्या चार-पाच बायांना घेऊन पाणीपुरवठ्याच्या मोटरीचं काम शिकवायला सुरुवात केली होती. मोटर बिघडली की गावाला पाणी नाही, मिस्त्री परळीहून येणार, येईल तेव्हा येणार आणि तोवर हंडे कुणाच्या डोक्यावर, हे सांगायला नको. बायांनी स्वतः स्टार्टर उघडायचा, एवढी तिची साधी मागणी होती. मराठीत वाचायला काही नव्हतं. मग मी तिला फोनवर विचारून विचारून लिहिलं.

लिहिलं ते पत्रकच. सुरुवात 'माता-भगिनींनो!' शीर्षक 'मिस्त्रीची वाट काहून बघायची?' प्रत्येक वाक्य ठळक. आणि वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून दोन पायऱ्यांच्या मधे एक-एक ओळ मोकळी सोडली.

चार दिवसांत त्या पानावर दुसरं कुणी तरी आलं. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले एक सर, अंबाजोगाईतच राहणारे, हे पुढं कळलं. त्यांनी माझ्या माता-भगिनी काढून टाकल्या. उद्गारचिन्हं काढली. एकामागून एक बारीक बदल केले आणि प्रत्येकाचा सारांश लिहिला: 'भाषा तटस्थ केली.' 'शास्त्रीय संज्ञा घातली.' 'भाषा तटस्थ केली.' माझं डोकं फिरलं. पाण्याच्या हंड्याबद्दल तटस्थ? मी त्यांचे सारांश वाचले, रागावले आणि बदल मात्र नीट बघितले नाहीत.

पुढच्या रविवारी मी धर्मापुरीला गेले. ग्रामपंचायतीच्या पडवीत ताईचा वर्ग होता, पलीकडं मोटरीची खोली. एक बाई मोबाईलवरून माझं पान मोठ्यानं वाचत होती.

"एक. मेन स्विच खाली पाडा. एक. फ्यूज काढून आपल्या जवळ ठेवा. एक. झाकण उघडा. एक..." ती थांबली. "आवं वायरमन बाई, हे सगळं पहिलंच कसं काय?"

"ज्यानं लिव्हलं त्याला पुढं मोजता येत नसंल," दुसरी म्हणाली.

ताईनं माझ्याकडं हात केला. "ही काय बसलीया. बीए करतीया."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कान गरम झाले तरी. मला माहीत नव्हतं की पायऱ्यांच्या मधे मोकळी ओळ सोडली की विकी मोजणं सोडून देतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. माझ्या पानावर सगळ्या पायऱ्या पहिल्या होत्या.

"अन् सगळंच जाड अक्षरात हाय," ताई म्हणाली. "समदेच वरडायले. मी ऐकू कुणाचं?"

मग सगळ्या मोटरीच्या खोलीत गेल्या. झाकण उघडणं, लावणं, पुन्हा उघडणं झालं. पुढचा भाग तपासणीचा होता, म्हणजे स्टार्टरच्या वरच्या तीन टोकांना वीज येते का ते मीटरनं बघायचं. त्यासाठी ताईनं फ्यूज परत घालून मेन स्विच वर केला होता. मघाची बाई वाचत होती, "या वेळी मेन स्विचचे संपर्क बंद असतात." ती म्हणाली, "बंद हाय व्हय, मग ठीक," आणि एका टोकावरची कोळ्याची जाळी पुसायला तिनं पदर गुंडाळलेलं बोट पुढं केलं.

ताईनं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं, बांगडी पिचली.

ती बाई आधी बांगडीकडं बघत राहिली, मग ताईकडं. ताईनं मेन स्विच खाली पाडला, फ्यूज काढून कमरेला खोचले आणि मोबाईल स्वतःच्या हातात घेऊन ती ओळ वाचली.

"हे तू लिव्हलंस?"

मी इतिहास उघडला. मी लिहिलं होतं, 'मेन स्विच चालू असतो.' सरांनी ते बदलून 'संपर्क बंद असतात' केलं होतं. सारांश: शास्त्रीय संज्ञा. आणि ते खोटं नव्हतं. पुस्तकात संपर्क बंद म्हणजे स्विचच्या पट्ट्या जुळलेल्या, परिपथ, म्हणजे सर्किट, पूर्ण झालेला. वीज वाहते ती बंद परिपथातूनच. आणि आख्ख्या बीड जिल्ह्यात कुठल्याही घरात 'बंद' म्हटलं की वीज नाही. एकच शब्द, दोन्हीकडं मराठीच आणि अर्थ एकमेकांच्या अगदी उलट.

ताई मला बाहेर घेऊन आली. "हे पान नीट होईस्तोवर मी वर्ग घेणार न्हाई. अन् हितं मी होते. दुसऱ्या गावात कुणी एकटी बाई वाचत असंल तर?"

तिथंच पायरीवर बसून मी उलटवलं. परतीच्या गाडीत बसायच्या आत सरांनी ते पुन्हा उलटवलं. मी पुन्हा. त्यांनी पुन्हा. मी सारांशात लिहिलं, 'बाया मारायच्या आहेत का?' अंबाजोगाईला उतरले तेव्हा पानाला कुलूप लागलेलं होतं. दोघं भांडत राहिले की विकीचे व्यवस्थापक पान गोठवतात आणि त्या क्षणी जे असेल तेच राहतं. राहिलं होतं सरांचं. 'संपर्क बंद असतात', सगळ्यांना वाचायला उघडं आणि कुणालाच हात लावता येईना.

त्या रात्री मी एक पत्रकच लिहायला घेतलं होतं, सरांच्या विरोधात. दोन ओळी झाल्यावर मला ते मनगट आठवलं. पत्रकानं सर हरले असते, पान तसंच राहिलं असतं. मी ते पुसलं आणि चर्चापानावर पडवीत काय झालं ते लिहिलं. विशेषणं नाहीत, ठळक काही नाही. शेवटी चार लाटा.

सकाळी उत्तर आलं होतं. 'हे मला ठाऊक नव्हतं. त्या भगिनी सुखरूप आहेत ना? मी अंबाजोगाईला असतो. घरी या, बसून ठरवू.' चार लाटा.

मी ताईला बोलावलं. सरांच्या घरी बैठकीत पुस्तकांच्या थप्प्या आणि वर जुना पंखा. सर उंच, किरकोळ, आवाज मात्र वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं.

"मोर्चावाली तू का? तुझं पान उघडलं तेव्हा मला वाटलं, दारात कुणी घोषणा देतंय."

"ऐकू तरी गेल्या ना सर," मी म्हणाले.

"गेल्या. पण कोणती ऐकायची ते कळेना."

ताईनं माझ्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही, पण तिचे ओठ हलले ते मी बघितलं. मग ती म्हणाली, "सर, गार वाटायलंय. तेवढा पंखा बंद करता का?"

सर उठले, बटण दाबलं, पंखा थांबला. बटणावरचा हात तसाच ठेवून ते उभे राहिले आणि मोठ्यानं हसायला लागले.

"संपर्क उघडला मी," ते म्हणाले.

"व्हय सर. पुस्तकातला बंद करा म्हणले असते तर पंखा फिरतच ऱ्हायला असता."

"बरं, आणि आयटीआयच्या पेपरात तू काय लिहिलं होतंस?"

ताई म्हणाली, "बंद परिपथातून वीज वाहते."

"मार्क मिळाले?"

"मिळाले की. पैकीच्या पैकी."

"तर मग उद्या तुझ्या या बाया परीक्षेला बसल्या तर? त्यांना पुस्तकातलं मराठी कळायला नको?"

पुस्तक आपलं नाही म्हणून सोडून द्यायचं, हे मला मान्य नव्हतंच. ताईच्या बायांनी परीक्षा द्यावी, पाटी लावावी, परळीच्या मिस्त्रीला उलट काम सांगावं, हेच तर मला हवं होतं.

"तुम्ही कामावर काय म्हणता?" सरांनी ताईला विचारलं.

"लाईन हाय का न्हाई. बास."

सरांनी ते कागदावर लिहिलं. मग दोन तास आम्ही एकेका ओळीवर भांडलो. 'लाईन' या शब्दावर सर अडले, 'तटस्थ'वर मी अडले, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं ते असं. कृतीच्या पायऱ्यांमध्ये 'बंद' हा शब्द कुठंच येणार नाही. 'लाईन आहे' किंवा 'लाईन नाही', एवढंच. पानाच्या तळाशी एक चौकट, तिच्यात पुस्तकातल्या 'बंद' आणि 'खुला' या शब्दांचा अर्थ, परीक्षेसाठी. ती चौकट आम्ही साचा म्हणून बनवली, म्हणजे एकदाच लिहायची आणि प्रत्येक पानावर तिचं नाव दोन महिरपी कंसांत टाकलं की ती आपोआप उमटते. पान कुलपात होतं, म्हणून नवा मसुदा चर्चापानावर मांडला आणि पायऱ्यांमधल्या मोकळ्या ओळी मी काढल्या. आकडे एकामागून एक ओळीनं उभे राहिले. मग ठळक अक्षरं काढायला बसले. एकेक जोडी अवतरणं पुसताना मला अण्णांची पिवळी पत्रकं आठवत होती. एक वाक्य ठेवलं, सगळ्यात वर: टेस्टर लावून लाईन नाही हे स्वतः बघितल्याशिवाय आत हात घालू नका. सर म्हणाले, इथं उद्गारचिन्ह चालेल. मी म्हणाले, नको.

मसुद्याखाली दोघांनी सही केली, दुपारी पानाचं कुलूप निघालं आणि मसुदा पानावर गेला.

पुढच्या रविवारी ताईनं वर्ग घेतला. त्याच बाईनं वाचायला मोबाईल मागून घेतला. हातात नवी बांगडी होती, हिरवी, बाकीच्यांशी न जुळणारी. "एक. मेन स्विच खाली पाडा. दोन. फ्यूज काढून आपल्या जवळ ठेवा. तीन. झाकण उघडा. चार. टेस्टर तिन्ही फेजला लावा. पेटला नाही तर लाईन नाही." तिनं टेस्टर हातात फिरवून बघितला.

"बाई, टेस्टरच खराब असला तर? मग बी पेटणार न्हाई की."

ताई म्हणाली, "म्हणून आधी जिथं लाईन नक्की हाय तिथं लावून बघायचा."

"ते हितं लिव्हलेलं न्हाई."

"मग लिव्ह की."

"मी?"

"तुझ्या हातात हाय ना मोबाईल."

मी 'संपादन' कुठं आहे ते दाखवलं आणि हात मागं घेतले. ती बराच वेळ एका बोटानं टाईप करत राहिली. बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर सांगत होत्या, दोघींनी दोन वेगळ्या जागी वेलांटी सांगितली. सारांशाच्या रकान्यात काय लिहायचं, तिनं विचारलं. काय बदललं ते, मी म्हणाले. तिनं लिहिलं, 'टेस्टर आधी बगा.'

जतन केल्यावर पान उघडलं, तर तिची ओळ पहिल्या पायरीच्या वर बरोबर बसली होती, पण खाली मोकळी ओळ राहून गेली होती. एक, आणि मग पुन्हा एक. माझा हात शिवशिवला. तेवढ्यात ताईनं पान पुन्हा उघडलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

ती बाई इतिहासातली सगळ्यात वरची ओळ वाचत होती. "'क्रमांक जुळवले. मजकूर उत्तम.' हे कोण हाय?"

"हायत एक सर," ताई म्हणाली. "अंबाजोगाईला. चल, टेस्टर घे."