एका बिडीचं पाणी

मी पिपरी मेघेची, कारकुनाच्या घरची. नदी मला माहीत होती ती बसच्या खिडकीतून, पुलावरून. तरी त्या पौषात हवामान बदलाची पत्रकं घेऊन मी वर्धा नदीकाठच्या मासेमार ढिवरांच्या वस्तीवर गेले, लोकांना समजावून सांगायला.

तिथलं एक म्हातारं जोडपं, काका आणि मावशी, पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या रेतीवर डांगरवाडी लावायचं, खरबुजं, काकड्या. मासोळी कमी झाल्यापासून घर त्यावरच चालायचं. काकांनी माझं पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"पोरी, तुहा कागद सारं पावसावरच ढकलून राह्यला," ते म्हणाले. "धरणाचं पाणी न सांगता सोडते. रेती रोज ट्रकात जाते. त्याइचं नाव कुठी हाय?"

मला राग आला. पत्रक मीच लिहिलं होतं.

यंदा वाडी लावायची की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. त्यांची रीत साधी. रेतीत कोपरभर झिरा खणायचा, पाणी वर आलं की बिडी पेटवायची. बिडी संपेपर्यंत पाणी टिकलं तर बी टाकायचं.

मावशींनी हातानंच खणलं. पाणी आलं, गार, नितळ. आमची तिघांची तोंडं त्यात दिसली. काकांनी बिडी पेटवली. वारा नव्हता, आभाळात एक पाखरू नव्हतं. मग आमची तोंडं खाली जायला लागली. हळूहळू, आवाज न करता, खालून कोणी ओढून घेत असल्यासारखी. बिडी अर्धी उरली होती आणि खड्ड्यात नुसती ओली रेती.

"हात घालून पाह्य," मावशी म्हणाल्या.

घातला. रेती थरथरत होती, माशी बसल्यावर गाईचं कातडं थरथरतं तशी. नदीच्या वळणापलीकडे रेती उपसायच्या मशिनी चालू होत्या, असं मागून कळलं. आमच्यापर्यंत त्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता.

मी लिलावांवर, परवान्यांवर, साहेबांवर तावातावानं बोलत सुटले. ऐकत कोणीच नव्हतं. मावशी खड्डा बुजवत होत्या.

"वर नदी हाय," त्या म्हणाल्या. "खाली कोणी नाई राह्यलं."

बियांचं फडकं त्यांनी परत कमरेला खोचलं. काकांनी बिडी रेतीत विझवली, उरलेली कानावर ठेवली. सावंगीला कुठेतरी चौकीदार पाहिजे, असं त्यांनी ऐकलं होतं.

"पुढच्या खेपेले त्या नौकरीचा फारम आणजो," ते म्हणाले.

मी आणला, भरूनही दिला. त्यात एक रकाना होता, आधीचा व्यवसाय. काकांनी तो मला रिकामाच सोडायला लावला.